अर्जदाराने बाहेर थांबावे

मुलांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय शांत डोक्याने, पूर्ण माहितीनिशी आणि मुलांना विश्वासात घेऊनच घेतला पाहिजे, असं वडिलांचं ठाम मत होतं. म्हणून निर्णयाच्या दिवशी त्यांनी मुलीला स्वयंपाकघरात बसायला सांगितलं.

दोष म्हणायचा तर सवयीचा. ते बँकेच्या कर्जविभागात होते. तिथे कर्ज द्यायचं की नाही हे समिती ठरवते, आणि समिती ठरवत असताना अर्जदार बाहेरच्या बाकावर बसतो. अर्जदार समोर असला की त्याचा चेहरा दिसतो आणि चेहरा दिसला की निर्णय बिघडतो, असं वडील नव्या अधिकाऱ्यांना शिकवत. समितीचा दुसरा फायदा शिकवावा लागत नसे: कर्ज बुडालं तर ते समितीने दिलेलं असतं, कुणा माणसाने नाही. एकही फाइल त्यांच्या हातून पहिल्या फेरीत सुटली नव्हती. ऑफिसात त्यांना 'त्रुटीसाहेब' म्हणत. हे त्यांना माहीत होतं, आणि आवडतही होतं.

मुलीला घरात बबडी म्हणत. मतदानाचं वय झालं तरी बबडीच. तिला फायनान्समध्ये जायचं होतं. हे खूळ वडिलांकडे बघूनच लागलेलं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्नच होता. व्यवस्थापनाच्या पदवीसाठी तिला दोन कॉलेजांत जागा मिळाली होती. एक घड्याळवालं: जुनं नाव, उंच मनोरा, जिन्यात माजी प्राचार्यांची तैलचित्रं. दुसरं नदीकाठचं: नवं, बसकं, तैलचित्राला भिंत नाही. पण तिथल्या फायनान्सच्या बाई मुलांच्या हातात खराखुरा छोटासा फंड देत आणि म्हणत, चालवा. बबडीने त्या बाईंना काही प्रश्न लिहून पाठवले होते. बाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली आणि वर एक प्रश्न तिलाच विचारला. त्या दिवसापासून बबडीचं ठरलं होतं.

नदीकाठच्या कॉलेजला होकार शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत कळवायचा होता. पालकांच्या फोनवर एक कोड येणार, तो भरला की जागा पक्की. घड्याळवाल्या कॉलेजला कसलीच घाई नव्हती. हे समितीला त्याच्या थोरपणाचं लक्षण वाटलं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी घरात समिती बसली. वडील अध्यक्ष. आत्या, कारण ती लोकांचे कर भरून द्यायची. मामा, कारण तो शेअर दलाल होता. आणि आई, कारण घर तिचंही होतं. आई फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवून ती घरी आली होती आणि इथे खांद्यांच्या आणखी चार जोड्या आखडलेल्या होत्या, त्यांत एक तिची स्वतःची.

सभेत फोन नकोत, हा बँकेचाच नियम. सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात गेले आणि डबा स्वयंपाकघरात, बबडीपुढे.

"घड्याळवाल्याला तोड नाही," आत्या म्हणाली. "नाव सांगितलं की समोरचा खुर्ची पुढे करतो."

"अक्का, खुर्चीच हवी असेल तर फर्निचरच्या दुकानात घालू की पोरीला," मामा म्हणाला. "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. फायनान्स त्यांनी गेल्या वर्षी सुरू केलंय."

"तू गप रे," आई म्हणाली. "तुझे सल्ले ऐकून हे एकदा बुडालेत."

"ताई, ते बाजाराने बुडवलं. मी फक्त सोबत होतो."

"मुद्द्यावर या," अध्यक्ष म्हणाले. "अर्जदाराला बोलवा."

बबडी दारात येऊन उभी राहिली. खुर्च्या चारच होत्या.

"पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?" वडिलांनी विचारलं.

"पाच वर्षांचं माहीत नाही, बाबा. सोमवारी नदीकाठच्या कॉलेजात बघते."

"हे उत्तर होत नाही."

"आणि मी घड्याळवाल्यांना फोन केला होता. ते म्हणाले फायनान्सला गेल्या वर्षी मुलंच..."

"विचारलं तेवढंच सांगायचं, बबडी. बाकीचं इतर विषयांत घेऊ."

ती आत गेली. इतर विषय शेवटी असतात.

चर्चा मात्र उत्तम झाली, हे मान्य करायला हवं. वसतिगृहाचं पाणी, माजी विद्यार्थ्यांचे पगार, पुलावरची वर्दळ, नदीला पूर आला तर परीक्षा होते का, सगळं निघालं. दोन कॉलेजांमुळे जोखीम विभागली जाते, असं आत्या म्हणाली. मुलगी विभागता येत नाही, हे आईने लक्षात आणून दिलं. शेवटी आईच बोलली.

"अहो, त्या बाईंनी प्रश्न विचारला ना, त्या रात्री ही जेवायची विसरली होती. मी रोज माणसांची शरीरं बघते. कुठे जोर आहे ते मला कळतं. हिचा तिकडे आहे."

मग आत्या म्हणाली, "मग असू दे बाई तिकडेच. माझी हरकत नाही."

"माझी तर आधीपासून नव्हती," मामा म्हणाला.

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पहिल्याच फेरीत फाइल सोडताना त्यांना कसंसंच झालं, पण बरंही वाटलं. "एकमताने मंजूर," ते म्हणाले. आणि आवाज चढवून, जसा ते बाकावरच्या माणसासाठी चढवत, "बबडी! ये आत. नदीकाठचं!"

बबडी डबा घेऊन आली. तिने तो टेबलावर ठेवला आणि वडिलांचा फोन त्यांच्या हातात दिला. त्यावर कोड आलेला होता. सहाच्या बराच आधी आलेला. आता सात वाजत आले होते.

"अगं, मग भरायचा नाही का?" आई ओरडली. "कोड तुझ्या हातात, फोन तुझ्या हातात!"

"मंजुरी नव्हती ना," बबडी म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर वडिलांना सोपं गेलं असतं. ती अगदी त्यांच्यासारखं बोलली, त्यांच्याच स्वरात, जसं नव्या अधिकाऱ्याने नियम बरोबर पाठ करून दाखवावा. इतकी वर्षं कुणालाही त्यांचं शिकवणं इतकं पक्कं लागलं नव्हतं.

"दारातून एक हाक मारायचीस की, पिल्लू," मामा म्हणाला.

"मारणार होते. पण बाबा म्हणाले, इतर विषयांत घेऊ."

आत्याने पर्स उचलली. सगळ्यांची सही असलेला निर्णय आता कुणाचाच नव्हता. पण इथे वडिलांची सोय झाली नाही. बँकेत अर्जदार घरी निघून जातो. ही इथेच राहत होती.

सोमवारी वडिलांनी नदीकाठच्या कॉलेजला विनंती पाठवली. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली फाइल, जिला एकही त्रुटी जोडली नव्हती. उत्तर आलं: मुदतीनंतर आलेल्या विनंतीचा विचार करता येत नाही. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. वर्षानुवर्षं त्यांनीच ते लिहिलं होतं, स्वल्पविरामाचीही काळजी घेऊन. दुसऱ्या टोकाकडून ते वाचताना किती गुळगुळीत लागतं, कुठे धरायलाच जागा नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्या दुपारी समितीची सभा होती. बाहेरच्या बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. वडील तिच्यापाशी थांबले, काहीतरी बोलणार होते. मग शिपायाला म्हणाले, "बाईंना पाणी द्या." आत मात्र बोलावलं नाही. तशी पद्धत नाही.

बबडी घड्याळवाल्या कॉलेजात गेली, वसतिगृहात राहिली. कधी फोनवर वडील विचारत, "काय ठरवलंस?" ती सांगे, "झालं ठरवून." मग ते फोन आईकडे देत.

दुसऱ्या वर्षी कॉलेजाने मुलं पुरेशी नाहीत म्हणून फायनान्सची शाखा बंद केली. बबडी आता मार्केटिंग शिकते.