आठ दिवस तशीच ठेवलेली चूक

औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर मोबाइलने मोठ्याने वाचून दाखवावं, असं सॉफ्टवेअर आमच्या सूनबाईने केलं आहे. ते फुकट आहे, आणि त्याचं आतलं काम कुणालाही पाहता येतं, सुधारता येतं. माझ्या गोळ्या त्याच्याच भरवशावर.

औषधदुकानांची एक कंपनी वर्षभराचा खर्च उचलायला तयार होती. अट एकच. "तुम्ही एकट्या. आजारी पडलात तर कोण बघणार? महिनाअखेर आणखी दोघं दाखवा." नाहीतर सूनबाई नोकरी धरणार आणि हे बंद.

तिने चहूकडे हाक घातली. माणसं येत, दोन दिवसांत पसार होत.

"फुकट राबायला कोण येतंय?" मुलगा म्हणाला.

"तुम्ही बोलूच नका. तुम्हाला स्वतःचा चार्जर सापडत नाही."

एके सकाळी जप आटोपून मी स्वयंपाकघरात आले, तर ती ओट्याशी हिरमुसून उभी. एका निवृत्त कारकुनांनी लिहिलं होतं, 'चूक दुरुस्त करायला बसलो, तोवर तुम्हीच दुरुस्त केलेली. माझी गरज दिसत नाही.'

मी हळूच म्हटलं, "अगं, मदतीला आलेल्याच्या हातातलं काम तू काढून घेतेस. तो पुन्हा कशाला येईल?"

त्या दिवशी सापडलेली चूक तिने तशीच ठेवली. औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख एका दमात वाचली जायची. खाली लिहिलं, चूक कुठे आहे, कशी तपासायची, अडलं तर कुणाला विचारायचं. कारकुनांना वेगळं पत्रही घातलं.

पाचव्या दिवशी त्यांची दुरुस्ती आली, अगदी ओबडधोबड.

"आई, दहा मिनिटांचं काम आहे हो! माझे हात धरा."

मी खरंच धरले. मग तिने त्यांचे आभार मानले आणि सुधारायची एकच जागा दाखवली. आठव्या दिवशी जमलं. मदतनिसांच्या यादीत तिने त्यांचं नाव सर्वांत वर घातलं. पुढे एक नर्सबाई आल्या. त्यांच्या शंकांना कारकूनच उत्तरं देऊ लागले.

महिनाअखेर कंपनीच्या अधिकारीबाई व्हिडिओवर आल्या. "मध्येच बंद पडलं तर?"

सूनबाईने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी बघेन," कारकून म्हणाले.

"आणि यांचा डोळा लागला, तर मी," नर्सबाई म्हणाल्या.

अधिकारीबाई हसल्या. "कराराचे कागद पाठवते."

सहा वर्षं तिला पाहते आहे. तिला गप्प बसणं किती जड जातं, ते मला विचारा.