घरचा कॉम्प्युटर

सॉकेट रिकामं होतं. दोन्ही बाजूंना बारीक भोकांच्या ओळी, आणि मधे बोर्डाचा हिरवट तुकडा, जो इतके महिने त्या काळ्या चिपखाली झाकलेला होता. बाकी सगळीकडे धूळ होती, सोल्डरचे थेंब होते, भीमाशंकरच्या बोटांचे तेलकट ठसे होते. हा एवढाच भाग कोरा, काल केल्यासारखा...

निसटली असेल, असं आधी वाटलं. चिप अशी निसटत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? बसवताना तिचा एकही पाय वाकू नये म्हणून श्वास रोखून बसलेला तोच. तरी तो खाटेखाली वाकला, सतरंजी झटकली, यंत्राचा पत्र्याचा डबा उचलून हलवून पाहिला. रविवारची सकाळ, कॉलेजला सुट्टी, घाई कसलीच नव्हती, आणि तरी आपण घाई करतोय हे त्याला कळत होतं.

स्वयंपाकघरातून बायकोचा, गौरम्माचा आवाज आला, “काय शोधताय?”

“यातली चिप. काळी. मधली.”

भाकरी थापण्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. “ती व्हय. गंगाधर भावजी आलते की काल दुपारी, तुमी कॉलेजात असताना. घेऊन गेले. म्हणाले, त्याला मी सांगतो.”

“मग रात्री बोलली नाहीस?”

“तुमी जेवत होता.”

ती हे सरळपणे बोलली. तो दारात उभा राहून तिच्या पाठीकडे बघत राहिला. म्हणजे काल आपण जेवताना, शेंगाचटणी पुन्हा मागून घेताना, हिला ठाऊक होतं...

तो पॉलिटेक्निकमध्ये डेमॉन्स्ट्रेटर; त्याचा मित्र गंगाधर बँकेत, पण जीव सगळा गणितात. पुण्याला एका कचेरीत दोघांनी कॉम्प्युटर पाहिला होता, काचेपलीकडून. खोलीभर कपाटं, आत थंड हवा, आणि बाहेर एक शिपाई, काचेला हात लावू नका म्हणणारा. परतताना कुर्डुवाडीला गाडी खोळंबली, तेव्हा गंगाधर म्हणाला होता, “आपण घरीच करू की एक. लहानसा. आपल्यापुरता.” थट्टाच होती ती. पण भीमाशंकर त्या थट्टेत शिरला तो शिरलाच. बोर्ड त्यानेच आखला. टेलिफोन एक्स्चेंजने भंगारात काढलेले स्विच, जळक्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळलेला, डबा मंगळवार पेठेतल्या पत्रेवाल्याकडून. चिप तेवढी इथे मिळणारी नव्हती. ती गंगाधरच्या मेव्हण्याने अमेरिकेहून येताना शर्टाच्या घडीत घालून आणली. आणि ज्या दिवशी स्विच वरखाली करून दोघांनी त्याला दोन आणि तीन मिळवायला सांगितले, त्या दिवशी दिव्यांच्या रांगेत एक लागला, एक विझलेला राहिला, एक लागला — म्हणजे यंत्राच्या मोजणीत पाच. गंगाधरने त्याला मिठी मारली होती. तेवढ्यात वीज गेली आणि यंत्र सगळं विसरलं. “विसरू दे,” अंधारात गंगाधर म्हणाला होता, “पुन्हा सांगू त्याला. आपण आहोत की.”

आपण.

सायकल काढून तो बाळीवेशीतून गंगाधरच्या घरी गेला. वाटेत मनाशी किती वाक्यं जुळवली... गंगाधर ओसरीवर बॅगेत कपडे घालत होता. त्याला बघून दचकला नाही, हेच जास्त लागलं.

“ये, भीमा. मी येणारच होतो तुझ्याकडे.”

“चिप कुठंय?”

“पुण्याला गेली, मेव्हण्याबरोबर. तिथं काही लोक कारखाना काढतायत, अशी छोटी यंत्रं करायचा. मला घेतायत. नवा बोर्ड तयार आहे त्यांचा, चिप तेवढी मिळत नव्हती.”

“बोर्ड कुणी आखला?”

गंगाधरने एका शर्टाची घडी मोडली, पुन्हा घातली. “आखणी तुझीच आहे. तशीच्या तशी. नाही कशाला म्हणू?”

सायकलवर जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आता जवळ नव्हतं. “मला विचारलं नाहीस,” एवढंच निघालं.

“तू नाही म्हणाला असतास.”

“कशाला?”

“पुण्याला यायला. तुझी आई, नोकरी, घर... तुझा स्वभाव मला माहीत नाही का? उगाच तुला नाही म्हणायला लावायचं, तुलाच वाईट वाटणार. म्हणून विचारलं नाही.”

जपल्यासारखं बोलत होता. आजाऱ्याशी बोलावं तसं. गंगाधरची बायको प्रभा चहा घेऊन आली, आणि भीमाशंकरने तो घेतला, शेवटपर्यंत प्यायला, कपबशी परत देताना “छान झालाय वहिनी” असंही म्हणाला. का म्हणालो मी? कप आपटायचा होता, निदान तसाच ठेवून उठायचं होतं... पण कप ठेवून उठणारा माणूस निराळा असतो, आणि गंगाधरला ते बरोबर ठाऊक होतं. माझी आखणी त्याने नेली, ती एक वेळ नेऊ दे. माझं उत्तरही तो घेऊन गेला.

घरी आला तेव्हा गौरम्माने ताट वाढलं होतं. तो बसला. दोन घास झाल्यावर म्हणाला, “मला कुणी पुण्याला बोलावलं असतं तर?”

“तुमी कुठलं जाताय,” ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आमटी वाढली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, मायाच होती. त्याच मायेने काल तिने काही न सांगता त्याला सुखाने जेवू दिलं होतं. दोघांनी, वेगवेगळं, त्याला न विचारता, एकच उत्तर देऊन टाकलं होतं.

तो जेवत राहिला. मनातल्या मनात त्याने ‘येतो’ म्हणून पाहिलं. शब्द गंगाधरच्या आवाजात ऐकू आला. पुन्हा म्हणून पाहिला, सावकाश, आपल्या आवाजात — तर त्याच्या पाठोपाठ ‘पण’ आलं, कुणी न बोलावता, रोजचं घरातलं असल्यासारखं. तिसऱ्यांदाही आलं. गंगाधरबद्दलचा राग अजून होताच, गौरम्माबद्दलचाही. पण ते दोन्ही आता जरा लांब बसले होते, आणि जवळ येऊन बसलं होतं ते हे ‘पण’... याला घरात कुणी घेतलं, कधी, हे आठवायला तो घास हातात धरून थांबला.