कॅन्सल झालेली गाडी

मेघा बाविस्कर उलटतपासणीला उभी राहिली की साक्षीदार आधी पाणी मागतो, असं धरणगाव कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये तिच्याबद्दल गमतीनं म्हणत. तिचा आवाज कधी चढत नसे. एकच प्रश्न ती वेगवेगळ्या बाजूंनी, अगदी शांतपणे विचारत राही, आणि समोरचा माणूस स्वतःच्याच उत्तरांत अडकत जाई. म्हणून गाडी घ्यायची ठरली तेव्हा ललितनं, तिच्या नवऱ्यानं, शोरूमवाल्यांशी बोलायचं काम आपण होऊन तिच्यावर सोपवलं. तो शाळेत गणित शिकवायचा आणि भाजीवाल्याशीसुद्धा भाव करताना लाजायचा.

गिऱ्हाईकं होती आणि गाड्या नव्हत्या, असं ते वर्ष होतं. कुठेतरी परदेशात नखाएवढ्या चिपा बनायच्या थांबल्या होत्या आणि त्यापायी जळगावच्या हायवेवरच्या त्या भल्यामोठ्या काचेच्या शोरूममध्ये एकच गाडी उभी होती, तीही फक्त दाखवायची. भूपेंद्र नावाच्या तरुण सेल्समननं त्यांना बसवलं, कॉफी मागवली आणि पाठ केल्यासारखं बोलायला सुरुवात केली.

"मॅडम, आठ-नऊ महिने धरूनच चाला. पण टॉप मॉडेल घेतलं, अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज आणि इन्शुरन्स आमच्याकडूनच घेतला, तर बघतो तुमचा नंबर थोडा पुढे सरकतो का."

"म्हणजे नंबर पुढे सरकू शकतो."

"तसं नाही, मॅडम..."

"मग कसं आहे ते लिहून द्या. कोणाचा नंबर मागे जाणार आहे, तेही लिहा."

भूपेंद्र हसला, मग हसायचा थांबला आणि त्यानं खरंच पाण्याची बाटली उघडली. मेघानं बुकिंग केलं नाही. बाहेर आल्यावर ललित म्हणाला, "मिळाली असती ना गं." ती म्हणाली, "मिळेल. पण माझ्या अटींवर."

पुढचे काही दिवस कोर्टातून आल्यावर ती फोन घेऊन बसे. नाशिक झालं, मालेगाव झालं, संभाजीनगर झालं. सगळीकडे तीच भाषा होती, फक्त महिने कमी-जास्त. शेवटी तिनं धुळ्याला लावला. फोन अतिक नावाच्या मॅनेजरनं उचलला. पन्नाशीच्या माणसाचा, दमदार, न घाई करणारा आवाज. मेघानं मॉडेल आणि रंग सांगितला, आणि तो जणू समोरचं काहीतरी वाचत असल्यासारखा लगेच म्हणाला, "आहे ना, मॅडम. राखाडी. एक बुकिंग कॅन्सल झालंय. तुमचीच वाट बघत होतो."

सेल्समनच्या तोंडी हे वाक्य शोभण्यासारखंच होतं. तिनं ते कानाआड केलं आणि स्वतःची अट सांगितली: आधी गाडी बघणार, यार्डात, दिवसाउजेडी, नंतरच पैशाचं बोलणार.

शोरूमचं यार्ड नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीच्या टोकाला होतं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, रस्त्यावरून कापसानं फुगलेले ट्रक झुलत चालले होते आणि त्यांच्यातून उडालेला कापूस यार्डाच्या तारांना जागोजागी चिकटला होता. एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत गाड्या अगदी थोड्या होत्या. राखाडी गाडी सगळ्यांपासून बाजूला उभी होती. अतिकभाई स्वतः आले होते. मेघानं तिच्या सवयीनं एकेक गोष्ट तपासली: टायर, काचांवरचे शिक्के, चेसिस नंबरातला उत्पादनाचा महिना, उन्हात तिरकं बघून रंग, बॉनेटखालची प्रत्येक नळी. सीटांवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. खोट काढण्यासारखं काही सापडेना, तेव्हा ती आत बसली. सीट पुढे-मागे करावी लागली नाही. आरसाही हलवावा लागला नाही. तिनं बटण दाबलं, समोरचा पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं आली:

नमस्कार, मेघा.

तिनं मान वळवली. "हे तुम्ही टाकलंत?"

अतिकभाईंनी वाकून पाहिलं. "नाही, मॅडम. ट्रेलरवरून उतरल्यापासून गाडीत कोणी बसलेलं नाही. चालवून इथे लावली तेवढीच."

"मग ज्यांनी कॅन्सल केली, त्यांचं नाव मेघा असणार. म्हणजे गाडी कोणीतरी हाताळली आहे. म्हणजे ती कोरी नाही."

अतिकभाई सरळ उभे राहिले. "गिऱ्हाइकाचं नाव मला सांगता येत नाही," ते सावकाश म्हणाले, "पण मला वाटलं, तुम्हाला ते माहीत असेल."

या वाक्यावर एरवी तिनं त्यांना सोडलं नसतं. पण त्या क्षणी तिला समोर जिंकायची बाजू दिसत होती, आणि जिंकायची बाजू दिसली की मेघा बाकी काही बघत नसे. पडद्यावरच्या त्या दोन शब्दांच्या जोरावर तिनं अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज उडवून लावलं, इन्शुरन्स स्वतःच्या माणसाकडून घ्यायचं कबूल करून घेतलं आणि त्याच आठवड्यात डिलिव्हरी मिळवली. हार घातलेल्या गाडीसमोर फोटो काढताना ललित तिच्या कानाशी म्हणाला, "मानलं बुवा तुला." ती खुशीत होती. घराण्यातली ही पहिली गाडी, आणि ती तिच्या कमाईची, तिच्या नावावरची होती.

येताना यार्डावरून निघाल्यामुळे ते बेटावद, अमळनेर असे आतल्या रस्त्यानं आले. तो रस्ता दोघांनाही नवा होता. बेटावदच्या अलीकडे एका वळणावर मेघानं गाडी अगदी हळू केली, आणि पाठोपाठ चाकांखाली एक उंच गतिरोधक येऊन गेला.

"दिसला कसा तुला?" ललितनं मागे वळून पाहत विचारलं. "पट्टेसुद्धा मारलेले नाहीत."

"दिसला," ती म्हणाली. खरं तर तो तिला दिसला नव्हता. पाय आपोआप ब्रेकवर गेला होता, आणि नव्या गाडीच्या आनंदात तिनं त्याचा फारसा विचार केला नाही.

गाडीच्या नकाशात 'घर' नावाचं एक बटण होतं. पहिल्यांदा तिनं ते जळगावहून परतताना सहज दाबलं. नकाशावरची निळी रेघ धरणगावात थांबली नाही. ती अमळनेर ओलांडून, बेटावदच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून एका गावात शिरली आणि गावाच्या शेवटच्या ठिपक्याशी जाऊन संपली. जुन्या गिऱ्हाइकाचं घर, तिनं मनाशी म्हटलं, आणि पत्ता पुसून स्वतःचा घातला. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा बेटावदच्या पुढे गेली. तिनं गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, तिथल्या माणसानं सगळी यंत्रणा कोरी करून नव्यानं घातली, तिच्यासमोर धरणगावचा पत्ता भरला. घरी येईपर्यंत सगळं ठीक होतं. सकाळी पडदा म्हणाला, नमस्कार, मेघा. आणि घर तिकडेच होतं.

"दाबू नकोस ना ते बटण," ललित म्हणाला. "आपल्याला आपलं घर ठाऊक आहे की."

त्याचं बरोबर होतं. पण साक्षीदार पुन्हापुन्हा एकच उत्तर देत असेल तर एकदा जागेवर जाऊन पाहणी करावी, ही तिची सवय होती. तिथे कोणी दुसरी मेघा राहत असेल. मेघा नावाच्या बायका जगात कमी नाहीत. तिला भेटावं, गाडी का सोडलीस विचारावं, चहा घेऊन परत यावं. दुसऱ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी होती आणि ललितचे जादा तास होते. ती सकाळी एकटीच निघाली, गाणी लावून, मजेत.

त्या बिनपट्ट्यांच्या गतिरोधकाशी गाडी पुन्हा वेळेवर हळू झाली. पुढे दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी होती आणि बायका कमरेला ओटी बांधून रांगेनं चालल्या होत्या. त्यांच्यातल्या एक-दोघींनी हात वर केला. मेघानंही केला; खेड्यात नवी गाडी दिसली की लोक हात करतात. गाव छोटं होतं. शेवटच्या घराशी गाडीच्या नकाशातला बाईचा आवाज म्हणाला, "आपण घरी पोहोचला आहात."

घर साधं, धाब्याचं, पुढचा भाग नव्यानं बांधलेला. शेजारी लोखंडी पाइपांवर पत्र्याची शेड उभी होती आणि तिच्या खालचा सिमेंटचा कोबा इतका ताजा होता की त्यावर पाणी मारून गोणपाट अंथरलं होतं. शेडमध्ये दुसरं काहीही नव्हतं. ती एका गाडीच्या मापाची होती.

ओट्यावर बसलेला म्हातारा उठून उभा राहिला. आतून म्हातारी आली, तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा होता. मेघाला वाटलं, गाडीवरून ओवाळणार. म्हातारीनं तो तुकडा मेघावरून ओवाळला, दूर टाकला आणि तिच्या पायांवर पाणी घातलं.

"उनी का माय?" ती म्हणाली. "कितला दिन लायात वं." आलीस का, किती दिवस लावलेस, असं ती अहिराणीत विचारत होती.

"मावशी, तुमची चूक होते आहे," मेघा हसून म्हणाली. "मी वकील आहे. धरणगावची. मेघा बाविस्कर. ही गाडी आधी तुमच्याकडच्या कोणी बुक केली होती का?"

"गाडी आमनी कसानी?" म्हाताऱ्यानं गाडीकडून तिच्याकडे बोट वळवलं. "तुनीच शे. बठ, माय."

ती ओट्यावर बसली. म्हाताऱ्याचं नाव वनाआबा, म्हातारीचं शेवंताबाई, एवढं तिनं विचारून घेतलं. मग एकेक प्रश्न, तिच्या पद्धतीनं, शांतपणे. तुम्हाला मुलगी आहे का? आहे. नाव काय? मेघा. ती आता कुठे आहे? यावर दोघं एकमेकांकडे पाहून हसली, जसं घरचं माणूस थट्टा करायला लागलं की हसतात. गाडी तिनं बुक केली होती का? कॅन्सल का केली? वनाआबांना कॅन्सल हा शब्दच कळला नाही. "गाडी मियनी का येसू, तूच सांगी गयथी ना," ते म्हणाले, आणि गाडी मिळाली की येईन असं तिनंच सांगितल्याची ही आठवण करून देताना त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती.

म्हातारी माणसं, डोळे अधू झालेले, मेघानं मनात नोंद केली. कुठेतरी एक मुलगी निघून गेली असेल. तिला त्यांची कीव आली आणि तिचा आवाज आणखी मऊ झाला. माझे आई-वडील चोपड्याला असतात, तिनं सांगितलं. नवरा शाळेत शिकवतो. सगळं सांगितलं. दोघांनी ते मान डोलवत ऐकलं, दूरच्या प्रवासाहून आलेल्या मुलीचं बोलणं ऐकावं तसं, मधेमधे तिच्या हातावर हात ठेवत.

तेवढ्यात रस्त्यानं डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेली एक तरुण बाई आली, चांगली तिशीच्या आतली, तरतरीत डोळ्यांची. ती गाडीपाशी थबकली. "मेघाक्का, उनी का?" ती ओरडली. "गाडी त भारी शे!" आणि उत्तराची वाट न बघता, रोजचं माणूस भेटल्यासारखी पुढे निघून गेली.

मेघा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली. मग तिनं पर्समधून फोन काढला. ललितला लावावा, असं तिच्या मनात आलं. पण लावून काय सांगायचं याचं वाक्य तिला जुळवता येईना, आणि वाक्य जुळत नाही असं तिच्या आयुष्यात फारसं घडलेलं नव्हतं. तिनं फोन परत ठेवला. निघावं. चहा घ्यावा, म्हातारीचं मन मोडू नये, आणि निघावं. सोमवारी अतिकभाईंना समोर बसवून नाव काढून घेता येईल.

शेवंताबाई गुडघ्यांवर हात देऊन उठायला लागल्या. त्यांना उठणं जड जात होतं.

"बसा तुम्ही," मेघा म्हणाली. "मी ठेवते चहा."

आतलं स्वयंपाकघर अंधारं आणि गार होतं. तिनं गॅस पेटवला, आधण ठेवलं, चहाची पूड टाकली, दूध घातलं. फडताळातून कप काढले. वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यामागे हात घालून साखरेचा डबा घेतला. चहा उकळला तसा सगळ्या घरात त्याचा वास पसरला आणि बाहेर म्हाताऱ्यांचं हलकं, सुखाचं बोलणं ऐकू येत राहिलं. तिला जरा बरं वाटलं. कामाला हात लागले की डोकं ताळ्यावर येतं. ती कपांत साखर घालून ढवळत होती, तेव्हा ओट्यावरून वनाआबांची हाक आली.

"मना च्यामा साखर नको टाकू वं, माय."

मेघानं खाली पाहिलं. साखर दोनच कपांत होती. कान तुटलेला तिसरा कप तिनं केव्हाचाच, बिनसाखरेचा, बाजूला काढून ठेवला होता.