वेंडेलची आखूड रायफल

लाइलने रायफल दुकानातल्या दिव्याखाली धरली. नळी करवतीने कापून तोंडाशी हाताने कानस मारलेली होती. असलं काम लष्कराच्या कारखान्यात कोणी चालवून घेतलं नसतं.

"कशी आहे?" समोर स्टुलावर बसलेल्या इर्मा टॉलफसनने विचारलं.

"बघतोय," तो म्हणाला आणि फडक्याने नळी उगाचच पुसत राहिला.

इर्माचा नवरा वेंडेल वसंतात गेला. रणगाड्यातल्या अडचणीच्या जागेत वापरता यावी म्हणून सैन्याने ही गरँड जातीची रायफल मुद्दाम आखूड करून दिली आणि आपण ती कोरियात चालवली, असं तो जन्मभर सांगत आला. मोंटानातल्या त्या गावात ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस नव्हता. आता माजी सैनिकांच्या हॉलमध्ये रायफल भिंतीवर लागणार होती, खाली पितळी पाटी. लाइलने ती अस्सल आहे एवढं सांगितलं की काम झालं.

पण लाइल बंदुका दुरुस्त करत म्हातारपणाकडे झुकलेला माणूस. सैन्याने काढून टाकलेल्या रायफली घ्यायच्या, नळ्या कापायच्या आणि रणगाड्याचं नाव लावून विकायच्या, हा दुकानदारांचा धंदा त्याला चांगला ठाऊक होता. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही, आणि मेलेल्या माणसाची अब्रू वेशीवर टांगणं त्याच्या जिवावर आलं होतं.

वेळ काढायला त्याने रायफल खांद्याला लावली. खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता भलताच तोकडा होता, तोही कापलेला. दुकानदार दस्त्याला हात लावत नसत, आणि वेंडेल तर चांगला सव्वासहा फुटी गडी.

"इर्माबाई, हा दस्ता कोणी कापला?"

इर्मा हसली. "दिसलं म्हणायचं तुला. वेंडेलनंच. लग्न झालं त्या हिवाळ्यात, गोठ्यात बसून. माझे हात आखूड ना. नळीही त्यानंच कापली, मला उचलायला हलकी व्हावी म्हणून."

"मग रणगाडा?"

"कसला रणगाडा! आचारी होता तो तिकडे. चांगली रायफल बायकोसाठी कापली म्हणाला असता, तर त्या हॉलमधल्या टोळक्यानं त्याला जगू दिलं नसतं. एकदा थाप मारली, मग जन्मभर निस्तरत बसला." मग हळूच म्हणाली, "मला ती भिंतीवर नको आहे, लाइल. पण नवऱ्याला खोटा पाडायला माझी जीभ रेटत नाही."

लाइलच्या छातीवरचं ओझं उतरलं. रायफल चालते का, असं त्याने विचारलं. दुसरी गोळी अडकते, दोन हंगाम आपण शिकारीला गेलोच नाही, असं तिने सांगितलं. नळी कापली की पुढची गोळी भरायला लागणारा गॅसचा जोर बदलतो आणि मग जुनी स्प्रिंग साथ देत नाही. त्याने नवी बसवली.

मग त्याने हॉलला फोन लावला. "टॉलफसनची रायफल मिळायची नाही," तो म्हणाला. "ती अजून कामावर आहे. एल्क हरणाच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय." पलीकडून रणगाड्याबद्दल काहीतरी विचारलं गेलं, तोवर त्याने फोन ठेवला होता.

दुकानामागच्या मातीच्या बांधासमोर इर्मा उभी राहिली. सत्तरीची बाई, अंगात नवऱ्याचा ढगळ कोट. पहिली गोळी गेली, तिच्यामागून दुसरी, न अडकता. तिने रायफल लगेच खाली घेतली नाही. दस्ता तिच्या खांद्यात नेमका बसला होता.