डबीतला हिंगूळ

मी एक जुना हिंगूळ आहे. चीनमधल्या चांगचौ गावातल्या एका घरात, फळीवर ठेवलेल्या चिनी मातीच्या डबीत मी राहतो. माझा लाल रंग दगडी शिक्क्यावर घेतात आणि कागदावर उमटवतात.

मित्रांनो, मी जन्मतः लाल नव्हतो. पारा आणि गंधक एकत्र खलले, तेव्हा मी काजळासारखा काळा झालो. मग मला मातीच्या बंद मडक्यात घालून खाली जाळ लावला. मी वाफ होऊन वर गेलो आणि झाकणाच्या आतल्या अंगाला गडद लाल सुयांसारखा चिकटलो. काळ्या रूपातही पारा आणि गंधकच होते, लाल रूपातही तेच. फक्त आतली मांडणी बदलली. पुढे मला पाण्यात खूप वाटले. जितका बारीक झालो तितका उजळलो. हा खेळ तुम्ही मात्र घरी करू नका. पारा विषारी असतो.

मला वाटणाऱ्या कारागिराने मग एरंडेल आणि नागदवण्याच्या पानांची लव घालून माझा लगदा केला. तो लगदा या घरातल्या तू वेनशी नावाच्या चित्रकारांनी विकत घेतला.

माझा स्वभाव सांगतो. पाण्यात मी विरघळत नाही. कागदावर उमटलो की माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकतो. पण मी फार जड आहे. नुसता ठेवला तर तळाशी बसतो आणि तेल वर तरंगते. म्हणून तूबाबा दर महिन्याला बांबूच्या पट्टीने मला खालीवर करत. "काय रे, जेवलास का?" असे विचारत. चित्रावर शिक्का उठल्याशिवाय ते पुरे झाले असे ते मानत नसत.

त्यांचे शेवटचे चित्र लोकाटच्या फळझाडाच्या फांदीवर बसलेल्या बुलबुलाचे होते. ते त्यांनी बालमित्र काओ यांना कबूल केले होते. शिक्का मारायचा राहिला आणि बाबा गेले.

आमच्याकडे सुतकात लाल रंग वर्ज्य. वडिलांचे सुतक दोन-तीन वर्षे चालते. तेवढा काळ घरातले लोक निळा शिक्का वापरतात. बाबांची मुलगी रुइशू हिने माझ्या डबीला पांढरे फडके गुंडाळले आणि भावाला बजावले, "दादा, बाबांच्या हाताची वस्तू आहे. कुणी बोटसुद्धा लावायचं नाही."

तिने हे मायेनेच केले. पण मी अंधारात तळाशी बसत गेलो. बाजूच्या डबीतली निळी शाई रोज बाहेर जाई, माणसांचे बोलणे ऐकून येई. मला मात्र कुणी जेवलास का विचारले नाही. मी घट्ट होत गेलो. तेल माझ्यापासून दूर झाले. ते सोबतीला होते, पण वेगळे होते.

सुतक फिटले तेव्हा काओकाका स्वतः आले. काठी टेकत बसले आणि म्हणाले, "पोरी, माझी नजर चाललीय. थोडं दिसतंय तोवर त्याचा लाल शिक्का बघू दे. दोन दिवस इथंच राहतो. तुझ्या दादाच्या हातची पातळ पेजसुद्धा खाईन."

"पातळ नसते, काका. तुम्हाला शितं दिसत नाहीत," दादा पोयान म्हणाला.

रुइशूने फडके सोडले. रद्दी कागदावर शिक्का उठवला, तर भोवती तेलाचे पिवळे कडे पसरले. चित्रावर असे झाले असते तर ते कायमचे बिघडले असते. तिचा चेहरा उतरला.

"शेगडीवर धरू का? मऊ पडेल," पोयान म्हणाला.

"नको. फार तापला की पारा सुटतो, दादा. सगळ्यांनाच बाधेल."

"मग उन्हात ठेव."

"उन्हात काळवंडतो."

"जावईसुद्धा एवढे नखरे करत नाही गं."

"जावयाला निदान रोज विचारतात," काओकाका म्हणाले. "याला कधी विचारलंस, पोरी?"

रुइशू उठली. तिने बांबूची पट्टी घेतली. मला तळातून उचलले, दुमडले, दाबले, पुन्हा उचलले. तिचा हात दुखू लागला, तेव्हा पोयानने पट्टी घेतली. तो दमला की पुन्हा ती. तेल हळूहळू माझ्यात परत मुरले. संध्याकाळी रद्दी कागदावर पुन्हा शिक्का उठवला, तर कडे बारीक झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते उरलेच नाही.

मग तिने चित्रावर, फांदीखालच्या मोकळ्या जागेत, शिक्का टेकवला. श्वास रोखून उचलला. काओकाकांनी कागदाला जवळजवळ नाक लावले. "आहे. त्याचाच आहे," ते म्हणाले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

काका चित्र घेऊन गेले. माझा तेवढा अंश त्यांच्याबरोबर गेला. त्याच दिवशी भावंडांनी बाबांच्या शिक्क्यावर कोरलेले नाव दगडावर घासून पुसून टाकले. गेलेल्या माणसाच्या नावाने कुणी खोटे चित्र विकू नये म्हणून. मी फक्त बाबांच्या शिक्क्यासाठीच होतो, आता मला उमटायला तोंड नाही. फळीवर एकटेपण आहेच.

तरी दर महिन्याला रुइशू झाकण काढते आणि मला खालीवर करते. माझ्याकडे तिचे काही काम नसते.

मित्रांनो, तुमच्याही घरात आदराने गुंडाळून ठेवलेले काही असेल. एखादे वाद्य असेल, किंवा कोपऱ्यातल्या खाटेवरचे माणूसही असेल, ज्याची झोप मोडू नये म्हणून कुणी बोलत नाही. आज त्याच्याजवळ जा. त्याला हात लावा.