तटावरची हाक

वसई किल्ल्याच्या तटावर त्या रविवारी आम्ही चौघं होतो: बाबा, आई, शिवदासमामा आणि मी. पिशवीत पंधरा घावणे आणि पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातली एक रिकामी. जुन्या शहराभोवतीचा हा तट जमेल तितका चालायचा, ही कल्पना मामाची. संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नव्हती. दोन वर्षांनी मामानं त्यांना कांजूरमार्गच्या एका कारखान्यात रखवालदारी मिळवून दिली होती. सोमवारपासून आवाराच्या भिंतीलगत फेऱ्या मारायच्या होत्या.

"आज तालीम," मामा म्हणाला.

आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती खालच्या वाटेनं येत होती. बुरुजापाशी तिनं मान वर करून काहीतरी विचारलं. वाऱ्यात मला एक अक्षरही कळलं नाही.

"आत्ता नको गे घावणे," बाबा वरून म्हणाले. "फुडे सावली हा."

"कान बघ भावोजींचे!" मामा खूश झाला.

बाबा पुढे निघाले. दहाएक पावलांवर तट ढासळला होता आणि वर गवत माजलं होतं.

"भावोजी, थांबा!" मामा ओरडला. मीही ओरडले. बाबा चालतच राहिले. मी धावत जाऊन त्यांचा सदरा धरला, तेव्हा ते वळले आणि माझ्या ओठांकडे बघू लागले.

सव्वीस वर्षं ते गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. ओठ आणि हात बघून बोलतात. हे आम्हाला ठाऊक होतं. घरीही ते तसंच ऐकतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आई धापा टाकत वर आली. "दोन वर्सां मी तुमच्या पाठीशी भांडतंय? माका वाटला, काम गेला म्हणून रुसलात!"

"दर टायमाक तूच जिंकलंस ना?" बाबा म्हणाले.

मामा हसला नाही. तो बाबांच्या समोर येऊन उभा राहिला. "भावोजी, तिथं मागनं ट्रक येतात. वीस पावलांवरची हाक तरी ऐकू यायला पाहिजे. नाहीतर मी नाही पाठवणार तुम्हाला."

बाबा माझ्याकडे वळले. म्हणाले, "अनू, तू बी.एस्सी. ना? मोज."

तटाखाली वारा लागत नव्हता. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ऐकू आलं की हात वर करायचा, असं ठरलं. मामानं चाळीस पावलांवरून सुरुवात केली. एक हाक, एक पाऊल पुढे. मामा पंचवीसवर होता तेव्हा बाबांचा हात वर गेला. त्या वेळी मामानं हाक मारलेलीच नव्हती. आईनं तोंडाला पदर लावला.

मी मामाला खुणेनं सांगितलं, हाकांमधला वेळ सारखा ठेवू नकोस, ते अंदाजानं हात वर करतायत. मग पुन्हा पहिल्यापासून तीनदा मोजलं.

सहा पावलं. सात. सहा.