लांबच्या रस्त्याने टॅक्सी

हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धुण्यात माझी कित्येक वर्षं गेली. सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा साहेब म्हणाले, जागा तुझीच, फक्त इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास हो. मशीनवाल्या कंपनीशी फोनवर बोलावं लागतं म्हणे. बिघडलेल्या मशीनला कुठलं आलंय इंग्रजी! पण पगार दीडपट होणार होता, म्हणून क्लास लावला.

संध्याकाळच्या क्लासला बाईंनी वाक्प्रचार शिकवले. त्यातला एक 'स्प्लॅश आउट'. म्हणजे गरज नसताना, केवळ हौस म्हणून हात सैल सोडून खर्च करणं. यावर हमखास विचारतात, स्वतःचं एक उदाहरण पाठ करून ठेवा, असं बाईंनी बजावलं. आता माझ्याकडे हौस कुठली? फ्रिज घेतला तोही जुना पार मोडीत निघाल्यावर. मग मी एक सोन्याचा हार रचला. हार घेतला, मैत्रिणी जळल्या, सगळं तोंडपाठ.

परीक्षेत तोच प्रश्न आला. समोर जाड चष्म्याचे एक वयस्कर परीक्षक होते. मी हार सुरू केला. त्यांनी मध्येच सहज विचारलं, पहिल्यांदा कुठे घातला होता? तेवढं मी रचलंच नव्हतं. स्वतःचाच संताप आला. खोटं बोलायचं आणि तेही धड जमू नये? जागा हातची गेलीच, असं धरून सरळ सांगून टाकलं की हार नाही, टॅक्सी.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. आई तीन महिने त्याच हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्या म्हणाले. टॅक्सीत बसल्यापासून ती काचेला नाक लावून बाहेर बघत होती. मी ड्रायव्हरला म्हटलं, तळ्याकडून घ्या. मग बाजारातून, पुलावरून, आणि परत तळ्याकडून. आई मीटर बघून करवादली, "पैसे वर आलेत का तुझे?" आणि पुन्हा बाहेर बघत बसली. महिन्याच्या भाजीचे पैसे त्या मीटरने गिळले.

परीक्षक म्हणाले, आजारी माणसाला घरी नेणं ही तर गरज झाली. हे उदाहरण बसत नाही.

"घरी नेणं गरज होती," मी म्हटलं. "तळं दोनदा दाखवणं नव्हती."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि शेवटचं विचारलं, असा खर्च पुन्हा कधी कराल? याचंही उत्तर पाठ होतं, परदेशवारी. पण तोंडातून निघालं, "आई गेली. आता कुणाला फिरवू?" एवढं मात्र एकही चूक न होता इंग्रजीत बोलले.

पास झाले, अगदी काठावर. जागा मिळाली, वाढलेला पगारही हातात आला. तो थोडा आधी आला असता तर मी आईला पार समुद्रापर्यंत नेलं असतं. याचा मला राग येतो. रोज येतो.